प्रस्तावना : कारैच्या मातीतले अमोनाइट

ज्याला अमोनाइट गोळा करायचे आहेत, त्याला महाराष्ट्राबाहेर जावे लागते. आपल्या राज्याचा जवळजवळ चार-पंचमांश भाग काळ्या कातळाने झाकलेला आहे आणि हा कातळ म्हणजे थिजलेला लाव्हा. त्यात समुद्राचा तळ नाही, शिंपले नाहीत. पूर्व विदर्भात कोळशाचे थर आहेत, चंद्रपूरकडे पिसदुऱ्याला डायनोसोरची हाडे सापडली आहेत. पण ती सगळी नद्यांची, तळ्यांची आणि जमिनीवरची कहाणी. अमोनाइट हा खाऱ्या पाण्यातला प्राणी. शिवाय काळाचा हिशेबही आपल्या विरुद्ध जातो. दख्खनचा लाव्हा साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या सुमारास वाहत होता आणि त्याच सुमारास अमोनाइटांचा वंश जगभरातून संपला. सह्याद्रीच्या कातळात अमोनाइट शोधणे म्हणजे माणूस गेल्यानंतर बांधलेल्या घरात त्याचे सामान शोधणे.

म्हणून कातळाच्या आधीचा समुद्र जिथे उघडा पडला आहे, तिथे जायचे. नर्मदेच्या खोऱ्यात, मध्य प्रदेशातल्या बाघजवळ, लाव्ह्याच्या खालून असा एक समुद्र डोकावतो. कच्छमध्ये ज्युरासिक काळाचे भव्य थर आहेत. हिमालयात स्पितीचे काळे शेल आहेत. या पुस्तकासाठी मात्र मी तमिळनाडूतली कारैची चिकणमाती निवडली. कारण साधे आहे. दगडातला अमोनाइट हातोड्याने फोडून काढावा लागतो आणि तो फोडताना आपण त्याच्या भोवतालचा पुरावाही फोडतो. चिकणमातीत तसे होत नाही. प्राणी ज्या गाळात पडला, तो गाळ अजून मऊ आहे. तो बोटांनी, दाभणाने, ब्रशने बाजूला करता येतो आणि जीवाश्म कसा, कुठल्या बाजूवर, कोणाच्या सोबतीने पडला होता ते पाहता येते. नवशिक्याला थर वाचायला शिकवण्यासाठी याहून चांगली जागा मला ठाऊक नाही.

कारै हे गाव पेरंबलूर जिल्ह्यात, तिरुचिरापल्लीच्या ईशान्येला गाडीने तासा-दीड तासावर आहे. मराठी प्रवासी तंजावरला जातात, बृहदीश्वराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ साली कोरवलेला भोसल्यांचा मराठी इतिहास पाहतात आणि परततात. त्याच सहलीत एक दिवस जास्त ठेवला आणि कोळ्ळिडम नदी ओलांडून उत्तरेला आले, की ही भूमी लागते. रस्ता मका आणि कापसाच्या शेतांतून जातो, मधे वेड्या बाभळीची राने येतात आणि मग एकाएकी जमीन फाटलेली दिसते. घळीमागून घळ. माती पिवळट-तपकिरी, कुठे लालसर, कुठे राखी. उतारांवर गवतही नीट तग धरत नाही, कारण दर पावसात वरचा पापुद्रा वाहून जातो. आणि सगळीकडे जिप्समचे तुकडे पसरलेले. सकाळच्या तिरप्या उन्हात ते इतके चमकतात, की पहिल्या भेटीत माणूस तेच उचलत बसतो.

ही माती सुमारे चारशे मीटर जाडीची आहे. ढोबळमानाने ११ कोटी ते ९ कोटी वर्षांपूर्वीच्या काळात, क्रिटेशियस युगाच्या मध्यावर, ती साचली. भारत तेव्हा विषुववृत्ताच्या बराच दक्षिणेला होता आणि मादागास्कर अजून त्याच्यापासून सुटला नव्हता. अंटार्क्टिकापासून तुटताना आपल्या पूर्व किनाऱ्याला खोल खळगे पडले, त्यांतला एक म्हणजे कावेरीचे खोरे. त्यात समुद्र शिरला. जगभरच समुद्राची पातळी तेव्हा फार वर होती. कारैजवळचा तळ किनाऱ्यापासून दूर, शांत, लाटांच्या पोहोचीखालचा होता. म्हणून तिथे वाळू थोडी आणि बारीक गाळ फार. त्या पाण्यात अमोनाइट पोहत, मरत आणि तळाला जात.

प्राण्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. अमोनाइट हा माकूळ आणि ऑक्टोपसचा नातेवाईक. बाहेरून पाहता गुंडाळलेला शंख, पण गोगलगाईच्या शंखाशी त्याचे नाते नाही. गोगलगाय आपल्या शंखात शेवटपर्यंत भरलेली असते. अमोनाइट फक्त शेवटच्या मोठ्या खोलीत राहत असे. वाढताना तो पुढे सरके आणि मागे एक पडदा बांधून जुनी खोली बंद करी. अशा बंद खोल्यांची रांगच रांग, आणि त्या सगळ्यांतून जाणारी एक बारीक नळी. नळीतून खोल्यांतले पाणी शोषून घेतले जाई, त्यामुळे जड कवच असूनही प्राणी पाण्यात तरंगता राही. आजचा नॉटिलस हेच करतो. फरक पडद्यांत आहे. नॉटिलसचे पडदे साध्या वाटीसारखे वक्र असतात, अमोनाइटचे पडदे कडेला येता येता दुमडत, चुणत जातात. पडदा कवचाला आतून जिथे चिकटतो, तिथे जी रेघ उमटते, तिला आपण सांधरेषा म्हणू. ही रेषा प्रत्येक गटाची वेगळी असते आणि ओळख पटवायला कवचावरच्या नक्षीइतकीच उपयोगी पडते.

पण सांधरेषा दिसण्यासाठी बाहेरचे कवच गेलेले असावे लागते, आणि इथे कारैची माती शिकणाऱ्याला मदत करते. इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्यावर फोकस्टोन येथे गॉल्ट नावाची प्रसिद्ध चिकणमाती आहे, साधारण याच काळातली. तिथल्या अमोनाइटांवर मूळ शिंपल्याचा मोतिया थर अजून झळकतो. घट्ट मातीतून पाणी झिरपत नाही, म्हणून तो टिकला. ते नमुने देखणे खरेच, पण त्या झळाळीखाली सांधरेषा झाकलेली राहते. कारैला तसे कवच क्वचित पाहायला मिळते. इथले बहुतेक नमुने म्हणजे आतल्या खोल्यांत भरलेल्या पदार्थाचे साचे आहेत. साचा फॉस्फेटचा असेल तर पडद्यांच्या रेषा भिंगाखाली इतक्या स्पष्ट दिसतात, की पेन्सिलीने गिरवाव्यात.

कवच जाते कुठे, याचे उत्तर बहुधा त्या चमकणाऱ्या जिप्सममध्येच आहे. समुद्रतळाच्या चिखलात खाली हवा नसते. तिथले जिवाणू पाण्यातल्या सल्फेटपासून सल्फाइड तयार करतात, ते लोहाशी मिळते आणि पायराइट बनते. पुढे कोट्यवधी वर्षांनी माती उघडी पडते, तिच्यात हवा आणि पावसाचे पाणी शिरते, पायराइट गंजते आणि गंधकाम्ल सुटते. ते आम्ल शिंपल्यातला चुना खाते आणि त्यातून जिप्सम तयार होते. कारैतल्या जिप्समच्या नसा मातीच्या थरांना छेदून तिरप्या-आडव्या जातात, म्हणजे त्या माती साचल्यानंतरच्या आहेत. हे लक्षात ठेवण्याचे व्यावहारिक कारण आहे. नवखा माणूस पांढरी सरळ रेघ पाहतो आणि तिलाच थर समजून तिच्यापासून उंची मोजू लागतो. जिप्समची नस हा थर नव्हे. मोजायचे ते फॉस्फेटच्या गुठळ्यांच्या पट्ट्यापासून किंवा बेलेम्नाइट दाटीने पडले असतील त्या पातळीपासून. बेलेम्नाइट हेही माकुळाचे नातेवाईक. त्यांचे लांबट, टोकदार दगडी अवशेष कारैच्या घळींत मुठीने उचलावेत इतके मिळतात. ते टिकतात, कारण त्यांचा चुना अमोनाइटच्या कवचातल्या चुन्याहून अधिक टिकाऊ स्फटिकांचा असतो.

मऊ गाळाचा एक दोष दबण्याचा. वर साचत गेलेल्या गाळाच्या भाराने खालचा चिखल पिळून निघतो आणि पोकळ कवच कागदासारखे चपटे होते. ज्या कवचाच्या खोल्या दबण्यापूर्वीच फॉस्फेटने किंवा पायराइटने भरल्या, तेच गोलाई राखून राहिले. म्हणून एकाच घळीत एका हातावर चपटा ठसा आणि दुसऱ्या हातावर भरीव, वजनदार साचा मिळतो. दोन्ही घ्यावेत. चपटा ठसा पुष्कळदा पूर्ण प्राण्याचा असतो, राहत्या खोलीसकट. भरीव साच्यात ती शेवटची खोली बहुधा नसतेच, कारण तिच्यात गाळ शिरलेला असतो आणि तो दबून मोडतो. निव्वळ भरीव नमुने जमवणाऱ्याला प्राणी मुळात केवढा होता हे कधीच कळत नाही.

आता प्रत्यक्ष काढण्याविषयी. समजा, घळीच्या भिंतीत, कमरेच्या उंचीवर, तपकिरी मातीतून एक काळपट कड बाहेर आली आहे. कडेवर बोट फिरवले की समान अंतरावर उंचवटे लागतात, म्हणजे बरगड्या आहेत. पाठीच्या मधोमध एक धार जाणवते. हा मॉर्टोनिसेरास नावाच्या अमोनाइटाचा तुकडा असू शकतो. ओढायचा मोह होतो. ओढू नये, साच्याला आतल्या पडद्यांच्या जागी नैसर्गिक भेगा असतात आणि ओढताच तो तिथे सुटतो. आधी फोटो, शेजारी पट्टी ठेवून. मग जवळच्या ठळक पट्ट्यापासून उभी उंची मोजून वहीत. मग नमुन्याच्या भोवती, त्याला न टेकता, दाभणाने चर काढायचा. माती ओलसर असेल तर ती सालीसारखी निघते. कोरडी असेल तर खपल्या उडतात आणि त्यांच्याबरोबर कवचाचा उरलासुरला पापुद्राही उडतो. पाणी ओतून माती मऊ करण्याचा प्रयत्न करू नये. कोरडी चिकणमाती पाणी पिऊन फुगते, विरघळून पडते आणि भेगाळलेला नमुना तिच्याबरोबर सुटा होतो. मागची बाजू अडकली असेल तर मातीचा गोळाच कापून घ्यावा, वर्तमानपत्रात गुंडाळावा आणि घरी सावकाश सोडवावा. सुटलेले तुकडे त्याच पुडीत राहिले पाहिजेत. डिंक, फेव्हिकॉल वापरू नये. संग्रहालयांत पॅरालॉइड बी-७२ अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून लावतात, कारण ते पुन्हा काढता येते. पायराइटचा नमुना असेल तर त्याला दमट हवेपासून जपावे लागते. आपल्या कोकणपट्टीच्या पावसाळ्यात असा नमुना उघड्या कपाटात ठेवला, तर काही वर्षांत त्याची राखाडी भुकटी होते आणि शेजारची चिठ्ठीही आम्लाने जळते. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल, हा त्यावरचा उपाय.

चिठ्ठी जळणे हे नमुना जाण्याइतकेच मोठे नुकसान आहे. हे पुस्तक मुख्यतः याच एका गोष्टीसाठी लिहिले आहे. अमोनाइट म्हणजे कवच अधिक त्याचा थर. थर हरवला, तर उरतो तो देखणा दगड.

हे माझे एकट्याचे म्हणणे नव्हे. या भूमीच्या अभ्यासाचा सगळा इतिहास हेच सांगतो. मद्रासच्या मुलकी सेवेतले के आणि कन्लिफ यांनी १८४०च्या आसपास तिरुचिरापल्ली आणि पुदुच्चेरी भागांतले जीवाश्म जमवून लंडनला पाठवले आणि एडवर्ड फोर्ब्स यांनी १८४६ साली त्यांचे वर्णन छापले. या थरांत क्रिटेशियस समुद्र आहे हे त्यामुळे जगाला कळले. मग भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे हेन्‍री ब्लॅनफर्ड आले. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी हा मुलूख पायी पालथा घातला आणि थरांचे तीन गट केले : सर्वांत जुना ऊट्टत्तूर, मग तिरुचिरापल्ली, मग अरियलूर. १८६२ सालच्या अहवालातली ही विभागणी आजही पाया म्हणून टिकून आहे. कारैची माती तिच्यातल्या ऊट्टत्तूर गटात येते. हेच ब्लॅनफर्ड पुढे १८७५ साली स्थापन झालेल्या भारतीय हवामान खात्याचे पहिले प्रमुख झाले. थर नोंदवण्याची आणि पाऊस नोंदवण्याची शिस्त एकाच माणसात होती, याचे मला नवल वाटत नाही.

गोळा झालेले जीवाश्म कोलकात्यात एका तरुणाच्या टेबलावर आले. फर्डिनांड स्टोलिच्का, जन्म १८३८, मोराव्हियातला. १८६२ साली सर्वेक्षणात रुजू झाला. दक्षिण भारताच्या क्रिटेशियस जीवांवरचे त्याचे ग्रंथ १८७३ पर्यंत छापून होत होते. अमोनाइट, शंख, शिंपले, प्रवाळ, सगळे. मधल्या काळात त्याने स्पितीच्या डोंगरांत थर मोजले, कच्छमध्ये काम केले. १८७४च्या जूनमध्ये यारकंदच्या मोहिमेवरून परतताना लडाखमधल्या मुर्गो येथे तो वारला. वय अवघे छत्तीस. लेहमध्ये त्याचे स्मारक आहे. त्याच्या मृत्यूनंतर वर्षभरात एका अमोनाइटाला स्टोलिच्काइया हे नाव मिळाले आणि युरोपातल्या क्रिटेशियसमधील अल्बियन नावाच्या काळाचा सर्वांत वरचा विभाग दीर्घकाळ याच प्रजातीच्या नावाने ओळखला गेला. फ्रान्समध्ये किंवा इंग्लंडमध्ये थर मोजणारे लोक कोलकात्याच्या त्या टेबलाचे नाव रोज उच्चारत होते.

स्टोलिच्काची चित्रे आजही पाहत राहावीत अशी आहेत. बरगडीन् बरगडी, सांधरेषेचे वळणन् वळण. मात्र नमुना कुठला, यापुढे बहुतेक वेळा फक्त गावाचे नाव आहे : ओडियम, मरवत्तूर, ऊट्टत्तूर, कुन्नम. त्या काळी एवढे पुरेसे वाटे. पण एका गावाच्या शिवारात मातीची शेकडो फूट जाडी उघडी असू शकते, म्हणजे लाखो वर्षे. फ्रांट्स कोस्माट यांनी व्हिएन्नात १८९५ ते १८९८ या काळात हाच संग्रह नव्या नमुन्यांसह पुन्हा तपासला. नव्या नमुन्यांत वार्ट यांनी जमवलेले होते. खतासाठी उपयोगी पडतील का म्हणून फॉस्फेटच्या गुठळ्या तेव्हा या भागात तपासल्या जात होत्या, त्या कामात ते मिळाले. कोस्माट यांनी नावे सुधारली, जगातल्या इतर ठिकाणांशी तुलना केली आणि मादागास्कर, दक्षिण आफ्रिका यांच्याशी असलेले साम्य पुढे आणले. तरीही कोणता अमोनाइट कोणाच्या वर आणि कोणाच्या खाली, हे जुन्या पेट्यांतून पुरते ठरत नव्हते. त्यासाठी विसाव्या शतकात नव्या अभ्यासकांना पुन्हा त्याच घळींत जावे लागले, पट्टी घेऊन.

पट्टीने काय साधते, याचे मला सर्वांत आवडणारे उदाहरण इंग्लंडमधल्या पीटरबरोचे आहे. तिथे विटांसाठी ऑक्सफर्ड क्ले नावाची ज्युरासिक चिकणमाती खणतात. रोलांड ब्रिंकमान या जर्मन भूवैज्ञानिकाने तिथल्या खाणीत कॉस्मोसेरास नावाच्या अमोनाइटांचे सुमारे तीन हजार नमुने घेतले. मातीची जाडी फक्त तेराएक मीटर. प्रत्येक नमुन्याची उंची त्याने सेंटिमीटरमध्ये नोंदवली आणि १९२९ साली त्यावरचा अभ्यास छापला. त्यातले बहुतेक नमुने चपटे, विद्रूप. कोणी कपाटात ठेवले नसते. पण उंचीच्या क्रमाने मांडल्यावर कवचाचा आकार, बरगड्यांची संख्या, गाठींची ठेवण थराथराने कशी सरकत गेली ते दिसले; जिथे आकड्यांनी अचानक उडी घेतली, तिथे मातीतही साचण्यात खंड पडल्याची खूण होती. जीवजाती कशी बदलते यावरच्या वादांत तो अभ्यास आजही पुढे ठेवला जातो. तीन हजार देखणे नमुने, पण उंचीची नोंद नाही, अशा संग्रहातून यातले काहीही निघाले नसते.

अमोनाइट काळ मोजायला इतके चांगले का, तर ते झपाट्याने बदलत आणि दूरवर पसरत. आल्बर्ट ओपेल यांनी १८५६ ते १८५८ या काळात दाखवून दिले, की इंग्लंड, फ्रान्स आणि जर्मनीतले ज्युरासिक खडक वेगवेगळ्या जातीचे असले तरी त्यांतल्या अमोनाइटांचा क्रम एकच आहे. म्हणून कारैच्या घळीत मॉर्टोनिसेरास सापडतो तेव्हा आपण फोकस्टोनच्या गॉल्टच्या वरच्या भागाशी समकालीन थरात उभे आहोत, असे सांगता येते. पुढे वरच्या थरांत ट्युरिलाइटीस कोस्टाटस मिळतो. तो एका पातळीत गुंडाळलेला नसून उंच मिनाऱ्यासारखा फिरक्या घेत चढतो. तो युरोपच्या खडूच्या थरांतही एका ठरावीक काळाची खूण आहे. एक दुवा इथे मुद्दाम सांगतो. लंडनच्या संग्रहालयात काम करणाऱ्या एल. एफ. स्पाथ यांनी गॉल्टच्या अमोनाइटांवर मोठा ग्रंथ लिहिला आणि त्याच वर्षांत, १९२७ ते १९३३, कच्छच्या ज्युरासिक अमोनाइटांची फेरतपासणीही पूर्ण केली. इंग्लिश किनाऱ्यावरची माती आणि कच्छचे रण त्यांच्या टेबलावर शेजारी शेजारी होती.

कारैवरून पूर्वेला निघाले, तर थर समुद्राकडे हलकेच कललेले असल्याने आपण काळात वर चढत जातो. शंखशिंपल्यांनी खच्चून भरलेला गरुडमंगलमचा चुनखडक लागतो. पॉलिश केल्यावर तो ‘त्रिचिनापल्ली संगमरवर’ म्हणून विकला जाई. मग अरियलूर, सिमेंटच्या खाणी, शेवटचे अमोनाइट. आणखी पुढे निनियूरचे थर. तिथे अमोनाइट एकही नाही, पण हर्कोग्लोसा डॅनिका नावाचा नॉटिलस आहे. एकसारखी घडण असलेल्या दोन प्राण्यांपैकी एक संपला आणि एक तरला. अमोनाइटांची पिल्ले एखाद्या मिलिमीटरची, पृष्ठभागाजवळ तरंगणारी. नॉटिलसची अंडी मोठी, पिल्ले जन्मतःच दोन-तीन सेंटिमीटरची आणि राहणे खोल पाण्यात. समुद्राच्या वरच्या थरातले अन्न नाहीसे झाले तेव्हा लहान पिल्लांचा वंश बुडाला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. अमोनाइटांचे शेवटचे पान आणि त्यांच्यानंतरचे पहिले पान, ही दोन्ही इथे एका दिवसाच्या गाडीप्रवासात उलटता येतात.

मराठी घरात अमोनाइट परका नाही. देव्हाऱ्यातला शाळिग्राम फुटलेला असेल, तर आत चक्र दिसते ते अमोनाइटाच्या वेटोळ्याचे. नेपाळमध्ये मुस्तांगकडून येणारी काली गंडकी हे काळे गोटे खाली आणते. ते मुळात स्पितीसारख्याच शेलमधले, म्हणजे कठीण झालेल्या सागरी चिखलातले. त्यांचे मोल पूजेचे आहे आणि ते त्या मापानेच मोजावे. माझी हरकत आहे ती शोभेच्या बाजाराला. मादागास्करहून आलेले, मधोमध कापून पॉलिश केलेले अमोनाइट आता आपल्याकडच्या प्रदर्शनांतही मिळतात. त्यांतले पुष्कळसे कारैच्या खालच्या थरांच्याच काळातले आहेत आणि मादागास्कर तेव्हा आपला शेजारी होता. तुलना करायला त्यांच्याइतके उपयुक्त काही नव्हते. पण कापताना त्यांची पाठ गेली, विकताना थर गेला. तुम्ही पैसे देऊन घेतला असेल, तर आनंदाने ठेवा; मात्र तुमच्या नोंदवहीत त्याला क्रमांक देऊ नका.

काही गोष्टी स्पष्ट लिहितो. हे लिहीपर्यंत जीवाश्मांसाठी स्वतंत्र केंद्रीय कायदा झालेला नाही. भूवारसा स्थळांसाठीचा मसुदा खाण मंत्रालयाने २०२२ साली जाहीर केला होता. सर्वेक्षणाने राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारके ठरवलेल्या जागांतून, उदाहरणार्थ जवळच्याच सात्तनूरच्या अठरा मीटर लांबीच्या वृक्षजीवाश्माच्या आवारातून, खडाही उचलायचा नाही. इतरत्र जमीन कोणाची आहे ते गावात विचारा. शेतकऱ्याच्या बांधावरून जाताना परवानगी घ्या, खाणीत तर लेखी परवानगीशिवाय पाऊल टाकू नका. भिंती पोखरू नका. जे पावसाने उघडे केले आहे, तेच गोळा करायला आयुष्य कमी पडेल. घळींच्या कडा सपाट करून शेती वाढते आहे, जिप्समसाठीही माती उकरली गेली आहे. जी पातळी आज दिसते ती काही वर्षांनी दिसेलच असे नाही, म्हणून नमुना घेतला नाही तरी मोजलेली उंची आणि फोटो घेऊनच या.

घळीच्या तळाशी सुटा पडलेला नमुना मिळाला, आणि बहुतेक नमुने तिथेच मिळतात, तर चिठ्ठीवर ‘सुटा’ असे ठळक लिहा. तो वरून आलेला आहे. त्याचा थर त्या पातळीचा किंवा तिच्या वरचा, खालचा नव्हे. एवढी अर्धी माहितीही खरी असेल तर उपयोगी पडते. पूर्ण पत्ता बनवण्याच्या नादात अंदाजाने थर लिहू नका. खोटा थर हा न लिहिलेल्या थराहून वाईट, कारण तो पुढच्या माणसाच्या तक्त्यात शिरतो आणि बाहेर काढता येत नाही. चिठ्ठी पेन्सिलीने किंवा न पुसणाऱ्या शाईने, एक नमुन्याबरोबर आणि एक वहीत. जे अनोळखी वाटेल, म्हणजे सरळ कवच, आकड्यासारखे वळलेले कवच, मिनारा, ते जवळच्या विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाला दाखवा. अशा विचित्र गुंडाळीच्या अमोनाइटांचे तुकडे फार लहान असतात आणि बेलेम्नाइट समजून टाकून दिले जातात. त्यांना ओळखण्यासाठी पुस्तकात वेगळे प्रकरण दिले आहे, आणि चित्रे मुद्दाम मोडक्या तुकड्यांची काढून घेतली आहेत.

तमिळनाडूच्या या भागाला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर मिळतो. जानेवारीत घळी धुऊन निघालेल्या असतात, माती अजून ओलसर असते आणि ऊन सोसवते. मार्चनंतर जाऊ नका; माती दगडासारखी होते आणि सावलीला झाड नाही. पाणी भरपूर, टोपी, भिंग, दाभण, ब्रश, पट्टी, जुनी वर्तमानपत्रे, पिशव्या आणि दोन वह्या. हातोडा गाडीतच राहिला तरी चालेल.